बाहीवरच्या दोन क्रीज

त्या रविवारी सासूबाईंनी पुढची खोली अशी काही आवरली होती, की जणू या घरात इस्त्रीचं दुकान कधी नव्हतंच. त्यांच्या धाकट्या लेकीला बघायला पाहुणे यायचे होते. कपड्यांचे गठ्ठे आणि टेबल मागे स्वयंपाकघरात गेलं. टेबलाबरोबर सूनबाई आणि तिची सहा वर्षांची मुलगीही.

मुलीला सगळे ‘साहेब’ म्हणत. इस्त्री झालेला प्रत्येक शर्ट ती तपासायची आणि ‘नापास’ म्हणाली की शर्ट पुन्हा टेबलावर. आता तिच्या डोक्यावर केसांऐवजी टोपी होती. रक्ताच्या कॅन्सरवर उपचार चालू होते. रोग मेंदूत शिरू नये म्हणून पाठीच्या मणक्यातूनही औषध द्यायचे. पण साहेबांनी नोकरी सोडली नव्हती.

डॉक्टरांनी बजावलं होतं, “या उपचारांत मेंदूलाही त्रास होऊ शकतो. डोकं फार दुखलं, दिसण्यात फरक पडला, हात किंवा पाय लुळा पडला, फिट आली, तर विचार करत बसू नका. लगेच आणा. वेळेत आणलंत तर पुष्कळ सावरता येतं.”

आणि फिट आली होती. त्याआधीच्या बुधवारी सकाळी, अगदी थोडा वेळ. डोळे वर गेले, डावा हात थडथडला, मग पोर गाढ झोपली.

“दचकली असेल स्वप्नात,” सासूबाई म्हणाल्या. मग दार लोटून घेऊन हळूच म्हणाल्या, “हे बघ, तो शब्द या घरात नको. कॅन्सर म्हटलं की लोक हळहळतात. फिट म्हटलं की म्हणतात, घराण्यातच आहे. रविवारी माझ्या पोरीला बघायला येतायत.”

दुपारी दवाखान्यातून नर्सचा फोन आला, काही त्रास नाही ना? “सगळं ठीक आहे,” सूनबाईचा नवरा म्हणाला. फोन ठेवताना त्याने बायकोकडे पाहिलं नाही. आणि तिनेही फोन मागून घेतला नाही. रोज देवाचं नाव घेऊनच इस्त्रीला हात लावायचा तिचा नेम. त्या दिवसापासून नाव घ्यायला गेली की जीभ अडखळायची.

रविवारी पुढे कपबशा वाजू लागल्या, तेव्हा साहेब स्टुलावर बसून काम बघत होती.

“नापास.”

“का गं बाई?”

“बाहीला दोन क्रीज.”

इस्त्रीच्या धंद्यात एका बाहीवर क्रीजच्या दोन रेघा म्हणजे नाक कापलं गेलं. सूनबाई ओशाळली. मन थाऱ्यावर नाही, हात तरी कुठून असणार? तिने पाणी शिंपडलं, बाही नीट जुळवली, दाबून इस्त्री फिरवली.

“आता?”

“अजून दोनच. आई, तुला आज जमतच नाहीये.”

तिने हसत पुन्हा केलं. पुन्हा नापास. मग मात्र ती शर्ट घेऊन खिडकीशी गेली. बाहीवर क्रीज एकच होती, ताणलेल्या दोऱ्यासारखी सरळ.

तिने दोन बोटं समोर धरली. “साहेब, किती?”

“चार... आई, डोकं खूप दुखतंय गं.”

आणि डावा हात थडथडू लागला. सूनबाईने तिला खाली घेऊन कुशीवर वळवलं, टोपी सैल केली. अंग जरा सैलावताच तिला उचललं आणि पडद्याकडे वळली.

पडद्यात सासूबाई उभ्या होत्या. “मागच्या दाराने ने.”

“बोळात गाडी येत नाही, आई.”

“मग पाच मिनिटं दम धर. चहा होऊ दे त्यांचा.”

‘देवा, आता जीभ अडखळू देऊ नकोस,’ एवढंच सूनबाई मनात म्हणाली आणि खांद्याने पडदा सारून पुढे गेली.

मुलाची आई कप धरून तशीच राहिली. “काय झालं हिला?”

“ताप आहे हो जरासा,” मागून सासूबाई म्हणाल्या.

“ताप नाही. फिट आलीय,” सूनबाई म्हणाली. तिचा आवाज इस्त्रीच्या वाफेहून कधी मोठा झाला नव्हता, आजही नाही. “वाट द्या.”

“हे आधी सांगायला हवं होतं तुम्ही!”

नणंदेने हातातला ट्रे टीपॉयवर ठेवला. “आत्ता कळलं ना, काकू? मग पाय जरा बाजूला घ्या. आणि दारातली तुमची गाडी द्या.”

नवऱ्या मुलाने आईकडे पाहिलं. तो आईकडे पाहत असतानाच सूनबाईच्या नवऱ्याने टीपॉयवरची गाडीची किल्ली उचलली. “परत आणून देतो,” म्हणाला आणि धावला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, “फिट पहिल्यांदाच आली?”

“हो, पहिल्यांदाच,” नवरा म्हणाला. जिभेला वळण पडलं होतं.

“नाही,” सूनबाई म्हणाली. “बुधवारी आली होती. आम्ही लपवली. वन्संचं लग्न जमायचं होतं म्हणून.”

बोलण्यात दवडायला वेळ नव्हता. औषधांनी रक्तदाब चढला होता, मेंदूला सूज आली होती. लगेच उपचार सुरू झाले.

काही दिवसांनी तपासायला वाकलेल्या डॉक्टरांच्या कोटाकडे साहेब बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “नापास.”

“किती क्रीज आहेत गं?” सूनबाईने श्वास रोखून विचारलं.

“एकही नाही. चुरगळलाय नुसता.”

डावा हात अजून मागे राहतो. तिला बटण लावायला वेळ लागतो. बुधवारीच गेलो असतो तर हे टळलं असतं का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. सूनबाईला तो प्रश्न जन्मभर पुरेल.

पाहुण्यांचा नकार आला. “माझ्या पोरीचं जमत आलेलं मोडलंस,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, ट्रे मी खाली ठेवला,” नणंद म्हणाली. “वहिनीने नाही. बुधवारची फिट लपवून जे घर मिळणार होतं, तिथे मी आणखी काय काय लपवत बसले असते?”

दुकान पुन्हा पुढच्या खोलीत आलं. एके सकाळी कपडे न्यायला आलेली शेजारीण काउंटरवर वाकली आणि कुजबुजली, “मुलीला मध्यंतरी... ते... तसलं काही झालं होतं म्हणे?”

सूनबाईने इस्त्री उभी केली. रांगेत आणखी माणसं होती. सासूबाई दारात होत्या.

“फिट आली होती,” सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. “औषध चालू आहे. तुमचे शर्ट तयार आहेत. साहेबांनी पास केलेत.”