तिळाएवढं हाड

न्हाणीघराच्या दाराची कडी आतून लागली. खट्‌ असा एवढासाच आवाज, पण सकाळच्या त्या शांत घरात तो दवाखान्यात एक्सरे काढणाऱ्या एक्सरेबाईला भांडं पडल्यासारखा ऐकू आला. कंगवा केसांत तसाच ठेवून ती दाराकडे बघत राहिली.

तिच्या लेकीने, भिंगरीने, आजवर कधी कडी लावली नव्हती. तिची अंघोळ म्हणजे घराला दवंडीच असायची. दार सताड उघडं टाकून ती साबण डोळ्यांत गेल्याचं, पाणी गार झाल्याचं, वर्गात कुणाची कुणाशी कट्टी झाल्याचं ओरडून ओरडून सांगायची आणि शेवटी ओल्या पायांनी थेट स्वयंपाकघरापर्यंत धावत यायची. मागून बाप फडकं घेऊन फरशी पुसत यायचा. सात वर्षांची पोर. दुधाचे दात अजून पुरते पडले नव्हते. एका जागी स्थिर म्हणून राहायची नाही, म्हणून तर तिचं नाव भिंगरी पडलेलं.

"कडी लावली तिने," एक्सरेबाई म्हणाली.

नवरा मोजे शोधत होता. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. दिवसभर लोकांना वरखाली नेणाऱ्या यंत्रांशी झटायचा आणि घरी आला की कुठलीच गोष्ट फार वर किंवा फार खाली जाऊ द्यायचा नाही.

"बरं झालं की," तो म्हणाला. "आज फरशी कोरडी राहील."

ती हसली नाही. गेल्याच्या मागच्या आठवड्यात तिनेच भिंगरीला न्हाऊ घातलं होतं. पाठ चोळून झाली, पोर वळली, आणि छातीला हात लागताच कळवळली. शाळेत धक्का लागला तरी तिथे दुखतं, म्हणाली. एका बाजूला कातडीखाली वाटाण्याएवढी गाठ बोटाला लागली. एक्सरेबाईचा हात तिथेच थांबला. त्या क्षणी आपला चेहरा कसा झाला ते तिला दिसलं नाही. पण तिच्या समोर, फेसाने भरलेल्या डोक्याखालून दोन डोळे तो चेहरा बघत होते.

त्या रात्री तिने नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो उठून बसला. मग म्हणाला, हल्ली मुली लवकर वाढतात, खाणंपिणं चांगलं असतं, तू उगाच मनाला लावून घेऊ नकोस. त्याचं चुकत नव्हतं. पण त्याच्या घरात ताई नव्हती.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. ताई आठेक वर्षांची असताना ही पाचची असेल. घराच्या कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडच्या वाळूच्या ढिगात उडी मारण्यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं. वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून शेवटच्या बाकावर. मग एका उन्हाळ्यात आई मशीनवर बसली आणि तिने जाड कापडाच्या घट्ट बनियनी शिवल्या. कशासाठी, ते कुणी बोललं नाही. ताई खेळायला येईनाशी झाली. न्हाणीघराची कडी लागू लागली. धाकटी वाळूच्या ढिगावरून हाका मारायची, आणि ताई खिडकीच्या पडद्याआडून मान हलवायची. बरं नाही, एवढंच सांगायची. आई तिच्याशी बोलायची ती भाजी निवडता निवडता, मान वर न करता. पुढे ताईची उंची अडली ती अडलीच. बाकीच्या मुली एकेक करून तिच्या पुढे गेल्या, आणि शाळा संपताना शेवटच्या बाकावरची ताई पहिल्या बाकावर आली होती.

ताई आजही होती की. दुसऱ्या गावी पोस्टाच्या खिडकीत बसायची, दर रविवारी फोन करायची, गिऱ्हाइकांच्या नकला करून हसवायची. पण चालताना खांदे पुढे आणि मान खाली. वाळूत उड्या मारणारी ती मुलगी त्या उन्हाळ्यात कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. तिला शोधायलाही कुणी गेलं नाही.

आणि गेले काही दिवस ती मुलगी इथे येत होती. एक्सरेबाईला ती कुठेही दिसायची. भिंगरीची वेणी घालताना आरशात मागे उभी. दवाखान्यातल्या बाकावर दोन पेशंटांच्या मधे, अंग चोरून बसलेली. एकदा तर दुपारच्या वेळी कपडे वाळत घालताना चादरीपलीकडे नुसती सावली. चादर बाजूला केली तर भिंगरीच, जागच्या जागी उड्या मारत होती. पण एक हात छातीशी धरून.

कडी निघाली. भिंगरी टॉवेल गळ्यापर्यंत लपेटून बाहेर आली आणि कुणाला काही न सांगता खोलीत गेली.

आज तिला बालरोगाच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायचं ठरलं होतं. एक्सरेबाईच्याच दवाखान्यात. बाहेर ऊन तापत होतं, तरी तिने भिंगरीच्या फ्रॉकवर बिनबाह्यांचा लोकरी स्वेटर चढवला.

"उकडतंय गं," भिंगरी म्हणाली.

दवाखान्यात एसी असतो, गार लागेल, असं तिने सांगितलं. आपलं खोटं आपल्यालाच टोचलं, पण स्वेटर काढला नाही. आतली तेवढी फुगीर जागा झाकली गेली, आणि तिला हायसं वाटलं.

बसथांब्यापासून दवाखान्यापर्यंतचा रस्ता चढाचा होता. औषधांच्या दुकानापाशी ओळखीची नर्स भेटली, तिच्याशी बोलण्यात एक्सरेबाई चार पावलं मागे राहिली. वर बघितलं तर पुढे ताई चालली होती. खांदे पुढे, मान खाली, दोन्ही हात पोटाशी. अंगावर गरम कपडा, आणि त्याच्या आत जणू कुणाचा तरी गुन्हा लपवून नेत असल्यासारखी चाल. नर्स काहीतरी विचारत होती, ते हिला ऐकू आलं नाही. ती जवळजवळ धावतच पुढे गेली आणि तिने त्या मुलीचा खांदा धरला.

भिंगरीने वर पाहिलं. कपाळावर घामाचे थेंब.

"नीट चालते ना मी?" तिने विचारलं.

डॉक्टरीणबाई बोलक्या होत्या. भिंगरीला त्यांनी आधी मोठेपणी काय होणार ते विचारलं. रोखा-सोडा, असं उत्तर मिळालं. त्या हसल्या. दवाखान्यात एक्सरेबाईला सगळे रोखा-सोडाच म्हणायचे. श्वास घ्या, रोखा, सोडा. दिवसभर तोंडात तेच. घरीही भिंगरीचा आवडता खेळ तोच. उशीला टेबलाखाली झोपवून ती दाराआडून हुकूम सोडायची, आणि उशीचा श्वास कोंडू नये म्हणून सोडा म्हणायला कधी विसरायची नाही.

तपासून झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डाव्या हाताची एक प्लेट काढू. हाडांवरून कळतं शरीराचं घड्याळ किती पुढे गेलंय ते. मग रक्त. मग बघू.

दुसरा तंत्रज्ञ जागेवर होता. तो म्हणाला, मी काढतो, तुम्ही बाहेर बसा. पण ती तयार होईना. तिने स्वतःच भिंगरीला शिशाचा एप्रन घातला, स्टुलावर बसवलं, हाताचा पंजा टेबलावर सपाट ठेवला, बोटं एकेक करून अलग केली. इतक्या हातांची बोटं तिने अशी पसरली होती. वाकडी, सुजलेली, पडून मोडलेली. या हाताच्या नखांवर शाईचे डाग होते.

"अजिबात हलायचं नाही," ती म्हणाली आणि काचेआड गेली. सवयीने तोंडातून निघालं, "श्वास घे. रोख."

हाताच्या प्लेटला श्वास रोखावा लागत नाही. नव्या शिकाऊ पोरांना ती हेच पहिल्या दिवशी सांगायची.

कळ दाबली. यंत्र घुरघुरलं. पडद्यावर हळूहळू हात उमटला, काळ्यावर पांढरा, आणि तिची नजर आपोआप तिथे गेली जिथे जाऊ नये असं ती गेले कित्येक दिवस मनाला बजावत होती. अंगठ्याच्या बुडाशी. तिथे एक कण होता. तिळाएवढा. ते हाड जन्मतः नसतं. मुलगी वयात यायला लागते त्या सुमाराला ते उगवतं. दहा-अकराच्या मुलींच्या हातांवर तिने ते किती वेळा पाहिलं होतं, आणि त्यात कधी काही विशेष वाटलं नव्हतं. आज तो पांढरा कण तिच्याकडे बघत होता. काचेत तिच्या स्वतःच्या चेहऱ्याशेजारी ती दुसरी मुलगी येऊन उभी राहिली, बिनबाह्यांचा स्वेटर घातलेली, आणि तीही पडद्याकडे बघू लागली.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. आतून धडपडल्याचा आवाज आला. एक्सरेबाई धावली. भिंगरीचा चेहरा लालबुंद झाला होता, डोळ्यांत पाणी आलं होतं. हात मात्र टेबलावर होता तसाच, बोटंही जागची हललेली नव्हती. तिने धापा टाकत दोन-तीन श्वास घेतले.

"तू सोड म्हणालीच नाहीस," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी प्लेट बघितली, मान हलवली. हाडं दहाच्या घरात गेली आहेत, म्हणाल्या. घाबरण्यासारखं नाही, पण नुसतं बघत बसण्यासारखंही नाही. रक्ताचे रिपोर्ट आले की ठरवू. लागलंच तर इंजेक्शनं असतात, काही काळ हे सगळं थांबवून धरता येतं. उंचीही वाचते. मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "तिला काय सांगितलंय?"

एक्सरेबाईने काही सांगितलं नव्हतं. एकही शब्द नाही.

भिंगरीला त्या तंत्रज्ञाशेजारी बसवून ती जिन्यात गेली आणि तिने ताईला फोन लावला. रविवार नव्हता, ताई कामावर होती. मागे शिक्के मारल्याचा आवाज येत होता. हिने सगळं सांगितलं. वाटाणा, कडी, तीळ. एवढ्या वर्षांत या विषयावर दोघी बहिणी कधी बोलल्या नव्हत्या. शिक्क्यांचा आवाज थांबला.

"मला वाटायचं मी मरणार आहे," ताई म्हणाली. एखाद्याला पिनकोड सांगावा तशा आवाजात. "आणि आईला ते माहीत आहे, म्हणून ती माझ्याकडे बघत नाही."

मागे एक शिक्का पडला.

"इंजेक्शन द्यायचं की नाही ते डॉक्टर बघतील," ताई पुढे म्हणाली. "तू तिला सांग. आणि भाजी निवडत नको सांगूस. तिच्याकडे बघून सांग." खिडकीपाशी गिऱ्हाईक आलं असावं, थांबा हो जरा, असं कुणाला तरी म्हणून ताईने फोन ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत एक्सरेची खोली रिकामी होती. तिने भिंगरीला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि आधी तिच्या डोक्यातून स्वेटर ओढून काढला. आतला फ्रॉक घामाने चिकटला होता. मग पडद्यावर तो हात आणला.

भिंगरी बघतच राहिली. "हा माझा? भुताचा वाटतो."

"तुझाच. शाईचे डाग तेवढे दिसत नाहीत."

"इथे तीळ सांडलाय."

तो तीळ नाही, हाड आहे, एक्सरेबाईने सांगितलं. मग बाकीचंही सांगितलं. स्टूल ओढून तिच्यासमोर बसली, तिच्या डोळ्यांत बघत बोलली. मुलींचं शरीर मोठं होतं तेव्हा काय काय होतं. ती गाठ म्हणजे आजार नाही. ते सगळ्याच मुलींना होतं, मलाही झालं होतं. तुझ्या शरीराने फक्त घाई केली आहे. बोलताना मधेच अडखळली, पण नजर हलवली नाही.

भिंगरीने फ्रॉकची कड बोटाला गुंडाळली, सोडली.

"म्हणून तू असं केलं होतंस?" तिने विचारलं आणि आईचा त्या दिवशीचा चेहरा करून दाखवला. हुबेहूब. "मला वाटलं, मला बघितलं की तुला वाईट वाटतं. म्हणून मी कडी लावली."

एक्सरेबाईने तिचा हात धरला. अंगठ्याच्या बुडाशी मऊ गुबगुबीत मांस होतं. आतलं काही लागत नव्हतं. भिंगरीने पडद्याकडे बघत हिशोब मांडला.

"मी सातची. आणि हाडं दहाची."

"साधारण."

"मग आठ आणि नऊ कुठे गेले?"

"ते यायचेत अजून," एक्सरेबाई म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, त्यांच्यासाठी हाडांना थांबवून ठेवता येईल." हे बोलताना तिला पहिल्यांदाच त्या शब्दांवर थोडा भरवसा वाटला. ताईमावशीचंही असंच झालं होतं, तीही अशीच लवकर मोठी झाली होती, हेही तिने सांगून टाकलं. तेव्हा कुणी प्लेट काढली नाही. कुणी काही सांगितलंही नाही. मावशी खिडकीत बसून राहायची.

भिंगरी खिडकीकडे वळून बघायला गेली. पण त्या खोलीला खिडकी नव्हती, नुसती काच होती. काचेत पांढरा हात दिसत होता, त्या दोघी दिसत होत्या, आणि त्यांच्या मागे थोडी रिकामी जागा. तिथे बघतच भिंगरीने विचारलं,

"मग मावशीचे आठ आणि नऊ कुठे आहेत?"

आणि गाल फुगवून, श्वास रोखून, ती आईच्या बोलण्याची वाट बघू लागली.