तहानलेली भिंत

लेकीने घराच्या बाहेरच्या चारही भिंती टेपने मोजल्या, दारं-खिडक्या वजा केल्या आणि आकडा काढला. भिंतीमागे दहा, म्हणजे दोन हात मारायला चाळीस लिटर रंग. हिशेब कसा, काळ्या दगडावरची रेघ!

"शेहेचाळीस," भिंती हाताने चाचपून आलेले अण्णा म्हणाले.

आता घ्या! अण्णा तिचे वडील, उभा जन्म घरं रंगवण्यात गेलेला. पण दोन वर्षांपूर्वी नजर गेली, तेव्हापासून लेकच कामं घेते आणि अण्णा घरी बसून तिचं डोकं खातात. आज हट्टाने आले होते. दिसत काहीच नाही आणि म्हणे शेहेचाळीस! बरं, हा निळा रंग दुकानातून एकदाच कालवून घ्यायचा. दुसऱ्यांदा कालवलेला काही केल्या तंतोतंत जुळत नाही, भिंतीवर ठिगळ दिसतं. आणि उरला तर दुकानदार परत घेत नाही.

पटवून द्यायला अण्णांनी मगभर पाणी मागवलं. एकेका भिंतीवर पाणी मारायचं, ओल्या जागेवर तळवा ठेवायचा आणि ओल जिरेपर्यंत आकडे म्हणायचे. तीन भिंतींना विसाच्या आसपास लागले. चौथीला चार.

"ही दुपारभर उन्हात भाजते. प्रायमर मारला तरी दीडपटीहून जरा जास्तच पिणार."

"अण्णा, भिंत आहे ती, म्हैस नव्हे."

"म्हैस परवडली. पोट भरलं की थांबते तरी." मग ते हळूच म्हणाले, "चुकलो तर पुन्हा कामावर यायचं नाव काढणार नाही. घरी गुमान बसेन."

तिने शेहेचाळीस लिटर आणले खरे, पण सहा लिटर उरले तर अण्णांना कुठल्या तोंडाने सांगायचं, याचीच धास्ती.

तीन भिंती अगदी तिच्या हिशेबाने झाल्या. चौथीला रोलर टेकवला आणि तिचे डोळेच विस्फारले. अगं बाई! रंग लावावा तर भिंत गटागट पिऊन मोकळी. पहिला हात संपेपर्यंत डबे भराभर रिकामे झाले. दुसऱ्या हाताला तर तिचा जीव टांगणीला लागला. आता उरण्याची नाही, पुरण्याची काळजी. शेवटचा कोपरा आला तेव्हा ती शिडीवर डबा उपडा करून ब्रशने तळ खरवडत होती.

"अण्णा, रंग संपला!"

खाली स्टुलावर बसलेल्या अण्णांचा चेहरा खर्रकन उतरला. "किती राहिलं?"

"काही नाही. भिंतपण संपली."

अण्णा उठले, चाचपडत भिंतीपाशी गेले, पण ओल्या रंगाला हात लावला नाही. नुसते समोर उभे राहिले. ज्यांना ही भिंत कधी दिसली नाही, त्यांनी तिची तहान थेंबाथेंबाने सांगितली होती! लेकीच्या मनात आलं, असला माणूस दोन वर्षं आपण घरी बसवून ठेवला.

"उद्या सकाळी लवकर आवरा," ती शिडीवरूनच म्हणाली. "नवीन कामाचं घर बघायला जायचंय."