वरच्या पट्टीतलं गाणं

बँडचा पहिला अल्बम कधी आला आणि कधी गेला, घरच्यांनाही कळलं नव्हतं. दुसरा मात्र लोकांनी डोक्यावर घेतला. न्हाव्याच्या दुकानात, पेट्रोल पंपावर, पोरांच्या कानांत तेच एक गाणं; आणि गाण्याच्या शेवटी बँडची गायिका असलेल्या धाकटीची ती आरोळी, आभाळाला चरा पाडणारी.

तिच्या गळ्यातून ती तशी निघालीच नव्हती, हे बँडलाच ठाऊक. रेकॉर्डिंगवाल्या काकांनी गाणं टिपून झाल्यावर अख्खी टेप जरा जास्त वेगाने पळवली होती. टेप पळाली तसा सूर चढला, सूर चढला तशी गाण्याला धार आली. "आता कसं झणझणीत!" काका म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. ड्रम वाजवणाऱ्या तिच्या दादानेही. हे रोज गावं लागेल, असं तेव्हा वाटलं होतं कुणाला!

आता रोज गावं लागत होतं. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "आवाजाच्या पडद्यांवर गाठी आल्यात. असंच ताणलंत तर गेलेला आवाज परत यायचा नाही."

एकदा दादाने हट्टाने गिटारी खालच्या पट्टीत लावून घेतल्या. पण लोकांच्या कानांत रेकॉर्ड भिनलेली. मैदानातले लोक गाताहेत वरच्या पट्टीत, बँड खालच्या. नुसता बेसूर गदारोळ. "बाई, घरी जा!" कुणीतरी ओरडलं. त्या दिवसापासून धाकटी कुणाचं ऐकेना.

आज स्टेजमागे तिच्या हातात गरम पाणी देत दादा म्हणाला, "शेवटची आरोळी सोड. लोक ओरडतील की तुझ्याऐवजी."

"आणि मी काय टाळ्या पिटू?" आवाज खरवडून काढल्यासारखा. "तू तुझी पिंपं बडव, दादा. गळ्याचं माझं मी बघते."

ड्रममागे बसणाऱ्याला गाणारीची पाठच दिसते. दादाला तिची मान दिसत होती, मानेवरची तट्ट फुगलेली शीर दिसत होती. तिला श्वास मिळावा म्हणून त्याने लय जराशी मागे ओढली. पण लोकांच्या टाळ्यांनी लय पुढे रेटली, आणि त्याचे हात टाळ्यांमागे धावले. आरोळीची जागा आली. मैदान गरजलं. त्या गर्जनेत तिचा आवाज होता की नव्हता, त्याला कळेना.

"पुन्हा! पुन्हा!"

धाकटी वळली. ओठ हलले, आवाज आला नाही. दादाने मान हलवली, नको. तिने डोळे पुसले, कसंनुसं हसली आणि एक बोट वर केलं. एकदाच.

गाणं सुरू करणं त्याचंच काम. त्याने काठ्या उचलल्या आणि एकमेकींवर ठोकल्या. एक, दोन, तीन, चार.