बांधावरून आलेला आवाज

मित्रांनो, मी एक जुना बिनतारी संच आहे. डच मुलखातल्या वाल नदीच्या बांधावरील पहाराचौकीत माझे आयुष्य गेले. तारा आणि सेल यांना भीती वाटत नाही, हे मला मान्य आहे. तरीही जानेवारीतील ती दुपार आठवली की माझ्यात खरखर सुरू होते.

पूर आला की गस्तीवरचे गावकरी माझ्यावाटे चौकीला खबर देत. त्यांच्या डच बोलीची एक लकब आहे. हातातले काम सांगताना नुसते ‘बघतो आहे’ पुरत नाही. ‘बघत उभा आहे’, ‘बघत चाललो आहे’ असे बहुधा आपोआप तोंडी येते; माणूस खरोखर बसलेला असेल, तेव्हाच ‘बघत बसलो आहे’.

त्या दुपारी पाणी बांधाच्या माथ्यापासून हातभरच खाली होते. चौकीप्रमुख मींके माझ्यासमोर होती, तिचा नवरा आर्नाउट बांधावर. त्याचा जोडीदार वाळूच्या गोण्या आणायला गेला होता.

“पाणी बघत उभा आहे,” आर्नाउट म्हणाला.

“उभाच राहा! बसलास तर उठवायला क्रेन मागवावी लागेल.”

“आधी वाटाण्याचं सूप पाठव, मग क्रेन.”

काही वेळाने पुन्हा त्याचा आवाज आला. “सगळं ठीक. पाणी बघत बसलोय.”

मदतनीस वेसेल हसला. “म्हातारा दमला, ताई!”

मींके हसली नाही. “पुरात, चिखलात कुणी बसतं का रे? आर्नाउट! का बसलास? बोल ना!”

माझ्यातून केवळ खरखर आली. दोघेही धावले.

बांधाचा उतार घसरला होता आणि आर्नाउट खाली बसल्या स्थितीत मांड्यांपर्यंत रुतला होता. हाक मारली तर बाकीचे आपापली जागा सोडून धावतील, म्हणून त्याने मदत मागितली नाही. सवय मात्र खरे बोलून गेली. फळ्या टाकून त्याला ओढून काढले, घसरलेल्या जागी गोण्या रचल्या. बांध टिकला.

आता मी चौकीतल्याच काचेच्या कपाटात धूळ खात आहे. माझ्या जागी संगणकाचा पडदा आला आहे. त्यावर प्रत्येक पहारेकरी म्हणजे एक हिरवा ठिपका. ठिपका अचूक असतो, याविषयी माझी तक्रार नाही. मात्र उभ्या माणसाचा आणि रुतलेल्या माणसाचा ठिपका सारखाच दिसतो.

आज पाणी पुन्हा चढते आहे. एक ठिपका बराच वेळ हललेला नाही. तो मींकेचा आहे; हल्ली तीच बांधावर गस्तीला जाते. आता चौकीप्रमुख झालेल्या वेसेलने फोन उचलला आहे.

“ताई, उभी आहेस की बसलीस?”

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा अथवा टाकून द्या. पण कोणी ‘ठीक आहे’ म्हणाले, तरी एवढे विचारा. आणि उत्तर येईपर्यंत फोन ठेवू नका. वेसेलने अजून ठेवलेला नाही.