लिस्बनच्या चढावर उसवलेला बूट

मी चांगुणाबाईंच्या डाव्या पायातला बूट बोलतोय. माझी जोडी शिरूरच्या बाजारातली. शिक्रापूरला कंपनीतल्या पोरांचे डबे करणाऱ्या या बाईंनी जन्मभर चपलाच घातल्या होत्या. पण लेक दीक्षा नोकरीला पोर्तुगालात, लिस्बनला. आणि ते शहर म्हणजे नुसत्या टेकड्या. "आई, बूट घेऊनच ये," असं तिनं बजावलं, म्हणून मी साडीखाली आलो.

सुरुवातीला आम्ही खूप हिंडलो. रस्त्याचे दगड झिजून गुळगुळीत झालेले, चढ तर असा की पोटऱ्या भरून याव्यात. पिवळी ट्राम कण्हत वर यायची.

"इथं बी बाया खिडकीतच धुणं वाळत घालत्यात की!" बाई हसायच्या. "आन् एवढ्या वर पाणी कसं चढवत असतील गं?"

एके दिवशी भर चढावर माझा तळ उसवला. पाऊल उचललं की फटक, टेकलं की फटक. लोक वळून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात समोरून दीक्षाच्या ऑफिसातली अनुपमा आली, पुण्याची. तिची नजर साडीवरून घसरत माझ्यावर आली.

"कोण गं या?"

दीक्षाही माझ्याकडेच बघत होती. "गावाकडच्या आहेत. शहर दाखवतेय त्यांना," ती म्हणाली आणि अनुपमाशी बोलत पुढे निघून गेली.

बाईंनी ते ऐकलं. एका घराच्या पायरीवर त्या मटकन बसल्या. दारात शेंगा सोलत बसलेल्या म्हातारीनं मला बघितलं आणि आतून सुतळी आणून दिली. भाषा कुणाचीच कुणाला कळेना. बाईंनी हात जोडले आणि तिच्या शेंगा सोलायला घेतल्या.

अनुपमा गेली तशी दीक्षा धावत परत आली. "आई, चल ना."

"आता कुणी बघत न्हाई, म्हणून आई व्हय?"

दीक्षाचं तोंड एवढंसं झालं. दगडावर गुडघे टेकून ती मला सुतळीनं बांधू लागली. गाठ काही बसेना. शेवटी बाईंनीच ती मारली.

तो विषय बाईंनी पुन्हा काढला नाही. नवे बूट घालून त्या गावी परतल्या. मी इथंच दाराआड पडून आहे. दीक्षा येता-जाता मला बघते आणि मान खाली घालते.

पोरी, मला खुशाल टाकून दे. फाटलो मी होतो, लाज माझी होती. ती तू आईच्या पदरात का टाकलीस? माफी आईची नंतर माग. आधी अनुपमाला गाठ, आणि त्या दिवशी तुझ्यासोबत कोण होतं ते तिला सांग.