दिवेवाल्याची न्याहारी

संशोधक बाईने वही रुमालातून सोडवली आणि काकूंच्या पुढ्यात टेबलावर ठेवली. काकूंचे दिवंगत यजमान समोरच्या बेटावर दीपगृहाचा दिवा सांभाळत, त्यांची ही एकतीस वर्षांपूर्वीची वही. बेटावरची निळ्या गळ्याची पाल शेवटची दिसली ती त्यांनाच. काकूंनी वही टपालाने पाठवली होती. ती परत करायला बाई आज पहिल्यांदाच घरी आली होती.

"झाली का वाचून? तीन वर्षं लागली," काकू म्हणाल्या.

"तोंडपाठ झाली. पण पाल नाही सापडली, काकू."

तीन मोसम तिने बेट पालथं घातलं होतं. वहीत पालीची नोंद रोज तीच असे: 'न्याहारीच्या वेळी पाहुणी आली. पायरीवर बसली.' म्हणून तिचं पथक उजाडायच्या आत दीपगृहाच्या पायऱ्यांशी हजर होई आणि दुपारी परते, कारण नंतर वारा चढे आणि नावाडी थांबायला तयार नसे. उद्या अहवाल जायचा होता. त्यात 'नामशेष' या शब्दाखाली तिची सही लागणार होती. एकदा ती झाली की बेटाकडे कुणी फिरकणार नव्हतं, आणि पाल कुठे दडून असलीच तर तिला वाली उरणार नव्हता. चार दिवस बाईला अन्न गोड लागत नव्हतं.

"तरी तुमचे आभार मानायला आले. ही वही नसती तर आम्ही शोधायलाही गेलो नसतो."

"आभार कसले? ह्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. कुणी एवढं मन लावून वाचलं, हेच माझ्यावर उपकार आहेत." काकूंनी वहीवरून हात फिरवला. "सापडली कशी नाही पण? रोज यायची म्हणे."

"आम्हीही रोज सकाळी सहाच्या ठोक्याला त्याच पायऱ्यांवर."

"सकाळी? सकाळी कशाला?"

"न्याहारीच्या वेळी, असं लिहिलंय ना त्यांनी."

काकू डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"अहो, रात्रभर दिवा राखणारा माणूस सकाळी घोरत पडतो. हे उठायचे दुपार कलल्यावर. ह्यांची न्याहारी दिवेलागणीच्या आधी. चहा-पाव पायरीवर ठेवायचा आणि मी पोरांच्या मागे धावायचं."

बाईने हातातला चहाचा कप खाली ठेवला. पथकात चार माणसं, चौघंही पदव्या मिरवणारी. काखेत कळसा नि गावाला वळसा. तिला आधी हसू आलं आणि मग तिने काकूंचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. तिला एकदम हलकं वाटलं.

अहवाल तिने पुढे ढकलून घेतला. कचेरीचे उंबरठे झिजवून पंधरा दिवस बेटावर राहायची परवानगी आणली. नेमकी पायरी दाखवायला म्हणून काकूही होडीत बसल्या.

ऊन पायऱ्यांवरून उतरू लागलं तेव्हा काकूंनी खालून पाचवी पायरी दाखवली आणि दोघी वर, दाराशी जाऊन बसल्या.

"हे नेहमी बोलवायचे," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणायचे, बस जरा, पाहुणी बघ. मी म्हणायचे, पालीशी कसली सोयरीक? माझी कामं कोण करणार? एक दिवस बसले नाही."

दगड काळे पडेपर्यंत दोघी पायरीकडे बघत राहिल्या. एक खेकडा तेवढा तिरका चालत गेला. बाईने वही उघडली, तारीख घातली आणि लिहिलं: 'दिसली नाही.' 'नामशेष'ऐवजी एवढंच लिहायला मिळालं याचंसुद्धा तिला केवढं सुख झालं.

"सकाळच्या होडीने तुम्हाला घरी पाठवते," ती म्हणाली. "इथे गारठा आहे. सूनबाई काळजीत असेल."

"तिला पंधरा दिवसांचं सांगून आलेय," काकू म्हणाल्या. त्यांनी शाल नीट लपेटून घेतली. "एकतीस वर्षं उशिरा आलेय मी. लगेच उठून कसं चालेल?"