नानाची गोधडी

आमच्या मुलुंडच्या घरात जेवणाचं टेबल पहिल्यापासून आहे, पण त्यावर जेवायचं तर आधी कुणाचा तरी ब्लाउज उचलावा लागायचा. माझी बायको पद्मजा हौसेने शिवते, आणि सोसायटीतल्या बायका तिची हौस कमी होऊ देत नाहीत. बाही सुईखाली गेली की नेमकी मला भूक लागायची. मग मशीन कपाटावर, कापड पिशवीत, टाचण्या डबीत. जेवणं झाली की सगळं पुन्हा खाली. तरी एखादी टाचणी मागे राहायचीच. त्यामुळे मी आयुष्यभर पोहे अगदी सावकाश चावून खाल्ले. लोकांना वाटायचं, तब्येतीसाठी.

यंदा आमचा मुकुल ऑफिसजवळ म्हणून पवईला राहायला गेला आणि जाताना पलंगही घेऊन गेला. त्या खोलीत मी आरामखुर्ची टाकून पेपर वाचावा असा माझा विचार होता. तो मी बोलून दाखवेपर्यंत पद्मजाने खिडकीशी मशीन लावलं होतं.

भिंतीवर खिळे मारून रंगवार रिळं अडकवली. कापडाची कात्री स्वतःच्या खिळ्यावर गेली. (ती कागदाला लावली तर घरात काय होतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको.) पण तिचा खरा आनंद वेगळाच होता. ब्लाउज अर्धा शिवून मशीनवर तसाच टाकायचा, दिवा घालवायचा आणि झोपायला जायचं. सकाळी तो तिथेच, तसाच, सुईखाली!

"अहो, बघा ना," ती पहिल्या सकाळी म्हणाली.

"काय बघू? अर्धाच आहे."

"तेच तर!"

कधी कधी ती काम नसतानाही दारात उभी राहून खोलीकडे बघत राहायची. माझ्याकडे तिने असं कधी बघितल्याचं मला आठवत नाही.

आणि नवरात्रात नानाचा फोन आला. नाना माझा मोठा भाऊ. एकटा असतो, घाटकोपरला.

"श्याम, आमची बिल्डिंग पाडतायत रे. रिडेव्हलपमेंट. मुकुलची खोली रिकामीच आहे ना?"

आमच्या घराण्यात मोठ्या भावाला 'नाही' म्हणत नाहीत. 'बघू' म्हणतात, आणि मोठा भाऊ सामान बांधायला घेतो.

"किती दिवसांसाठी?" पद्मजाने विचारलं.

"टॉवर होईपर्यंत."

मशीनवरचं पोलकं तिने घडी करून पिशवीत भरलं. खोली मिळाल्यापासून ती पिशवी मी पहिल्यांदाच बघत होतो. त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं आणि मीही मागितलं नाही.

नाना रीतिरिवाजांना फार मानतो. अमावस्येला तो केस कापत नाही, आणि आता कापण्याजोगे उरलेले नसले तरी तारीख बघतो. तो आला नेमका खंडेनवमीला, म्हणजे ज्या दिवशी हत्यारांची पूजा असते त्या दिवशी. त्याच्या हातात बॅग होती, काखेत वळकटी. खोलीच्या दारातच तो थबकला.

मशीनवर झेंडूचा हार होता. कात्रीला हळदकुंकू, इस्त्रीला हळदकुंकू, टेपवर फूल, कापड बेतायच्या टेबलावर अक्षता. मधोमध नारळ. उदबत्ती नुकतीच लावलेली.

"या भावोजी," पद्मजा म्हणाली. "तुमचं अंथरूण घालायचंय, तर एवढं जरा बाजूला सरकवते हं."

"खबरदार!" नाना ओरडला. "पूजलेलं हत्यार आज हलवायचं नाही. एवढंही माहीत नाही तुम्हाला? श्याम, माझी गादी हॉलमध्ये घाल."

दुसऱ्या दिवशी दसरा. नानाने आपट्याची पानं दिली, श्रीखंड-पुरी झाली, आणि तो हळूच खोलीकडे बघू लागला. पद्मजाने वाटीत आणखी श्रीखंड वाढलं.

"भावोजी, आज मुहूर्ताला मशीन चालवायला हवं ना?"

"हवंच. पण एक लक्षात ठेव. दसऱ्याला धरलेलं काम पुरं झाल्याशिवाय जागचं हलवायचं नाही. आमची आई म्हणायची."

"मग तुमच्यासाठीच गोधडी शिवते."

तिने ट्रंकेतून आमच्या आईची जुनी नऊवारी लुगडी काढली. किती मऊ झाली होती! एकावर एक थर लावून तिने ती जमिनीवर अंथरली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि मधोमध पहिला धावदोरा घातला. नाना दारातच बसला. एका काठावरून हात फिरवत राहिला.

"हे आई गणपतीत नेसायची रे, श्याम."

मग नाक पुसून म्हणाला, "पण मी झोपू कुठे?"

"आता तुम्हीच सांगा," पद्मजा म्हणाली. "उचलू का?"

नानाने कानाला हात लावला.

आठवडाभर तो हॉलमध्ये झोपला, आणि सोबतीला म्हणून शेजारी मीही. मी घोरतो, असं तो म्हणतो. मी काही ऐकलेलं नाही. शेवटी, बिल्डर भाडं देणारच आहे तर घ्यावं, असं म्हणत त्याने आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर घर भाड्याने घेतलं. आता तो रोज चहाला वर येतो, खोलीत स्टुलावर बसतो आणि सुईत दोरा ओवून देतो. चष्मा लावून, जीभ बाहेर काढून.

"कुठवर आली गं गोधडी?"

"तुमचा टॉवर कुठवर आलाय?"

"अजून पायाच खणतायत."

"मग घाई काय, भावोजी? थंडी तिकडे टॉवरवरच वाजणार ना तुम्हाला?"

हे नानाला पटतं. मलाही पटतं, फक्त गोधडीचा एक कोपरा बाजूला सारून ती रोज ब्लाउज शिवते, हे मी त्याच्यासमोर काढत नाही.

परवा मुकुल येऊन गेला आणि रिकामी बॅग ठेवायला जागा शोधत होता. मी म्हटलं, "ठेव त्या खोलीत, रिकामीच..."

"ए!" स्टुलावरून नाना कडाडला. "रिकामी काय? शिवणाची खोली आहे ती. बॅग तुझ्या बापाच्या पलंगाखाली घाल."

पद्मजाने मान वर केली नाही. मशीन मात्र एकदम जोरात चाललं.